वाचकांचे प्रश्न : फंक्शन क्लाउडमध्ये, डेटाबेस सर्व्हर रूममध्ये

या वेळच्या बहुतेक पत्रांमध्ये अडचण एकच आहे. वेबसाइट आणि मोबाइल ॲप क्लाउडवर गेलं, पण हिशेबाचा डेटाबेस अजून ऑफिसातल्या कपाटाएवढ्या सर्व्हर रूममध्येच आहे, आणि तो लवकर हलणारही नाही. मग दोघांची गाठ घालायची कशी? पत्रं जास्त करून ॲमेझॉनच्या लॅम्डाविषयी (सर्व्हर न सांभाळता कोडचा तुकडा, म्हणजे 'फंक्शन', चालवून देणारी सेवा) असल्यामुळे उदाहरणंही तिथलीच घेतली आहेत. ॲझ्युअरचा एक प्रश्न शेवटाकडे आहे.

प्रश्न : आमचा नाशिकला सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. ऑर्डरींचा पोस्टग्रेस डेटाबेस कारखान्यातच आहे. ग्राहकाला ऑर्डर कुठवर आली ते दाखवणारं फंक्शन लॅम्डावर, मुंबई रीजनमध्ये आहे. आमचा आयटीवाला म्हणतो, राउटरवर ५४३२ (पोस्टग्रेसचा नेहमीचा) पोर्ट फॉरवर्ड करू आणि लॅम्डाचा आयपी तेवढा व्हाइटलिस्ट करू. चालेल का?

नाही. पहिली अडचण अशी की लॅम्डाचा 'तेवढा' आयपी असा काही नसतो. व्हीपीसीला (ॲमेझॉनवरच्या आपल्या खासगी नेटवर्कला) न जोडलेलं फंक्शन ॲमेझॉनच्या मोठ्या साठ्यातल्या कुठल्याही पत्त्यावरून बाहेर पडतं आणि तो पत्ता बदलत राहतो. चार दिवस यादी सांभाळून झाली की कंटाळून कोणीतरी ०.०.०.०/० (म्हणजे कुठलाही पत्ता) लिहितो, आणि तुमचा डेटाबेस साऱ्या जगाला दिसायला लागतो. ५४३२ ऐवजी ५५४३२ पोर्ट ठेवल्यानं काही साधत नाही, स्कॅन करणारे सगळेच पोर्ट चाळतात. नॅट गेटवे (आतल्यांना एकाच पत्त्यावरून बाहेर पाठवणारा) घेऊन कायमचा पत्ता मिळवता येतो, पण तरी डेटाबेस उभा राहतो तो इंटरनेटवरच. मध्ये आड असते ती फायरवॉलची फक्त एक ओळ.

तुमच्यासाठी साइट-टू-साइट व्हीपीएन योग्य, म्हणजे दोन नेटवर्कांना जोडणारा कुलूपबंद बोगदा (टनेल). कारखान्यात स्टॅटिक पब्लिक आयपी आणि आयपीसेक (असा टनेल बांधायची पद्धत) चालवणारी फायरवॉल हवी. फोर्टिगेट, सोफोस, पीएफसेन्स, कोणतीही चालेल.

कागद घेऊन आधी पत्ते ठरवा. कारखान्याचं लॅन १९२.१६८.१.०/२४ असेल तर व्हीपीसीला त्याच्याशी, आणि पुढेमागे जोडायच्या शाखांशीही, न भिडणारी रेंज द्या. १०.६०.०.०/१६ घेऊ. दोन झोनमध्ये (ॲमेझॉनच्या वेगवेगळ्या डेटा सेंटरांत) दोन प्रायव्हेट सबनेट (व्हीपीसीचे छोटे भाग) करा, १०.६०.१.०/२६ आणि १०.६०.१.६४/२६. प्रत्येकात ६४ पत्ते असतात, त्यातले ५ ॲमेझॉन स्वतःकडे ठेवतं. रेंज भिडल्या तर नंतर नॅटचे द्राविडी प्राणायाम करावे लागतात, म्हणून ही दहा मिनिटं वाचवू नका.

मग व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवे (टनेलचं ॲमेझॉनकडचं टोक) करून व्हीपीसीला जोडा, कारखान्याचा पब्लिक आयपी देऊन कस्टमर गेटवे (तुमच्याकडच्या टोकाची नोंद) करा आणि दोघांमध्ये व्हीपीएन कनेक्शन घ्या. स्टॅटिक राउटमध्ये कारखान्याचं लॅन टाका. त्यानंतर सबनेटच्या राउट टेबलमध्ये राउट प्रॉपगेशन (व्हीपीएनकडची वाट टेबलात आपोआप येणं) सुरू करायला विसरू नका. 'टनेल हिरवा दिसतोय पण काहीच जात नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

कन्सोलवरून तुमच्या फायरवॉलच्या मॉडेलची नमुना फाइल उतरवता येते. ती जशीच्या तशी चढवू नका. त्यात एईएस-१२८, शा-१ आणि डिफी-हेलमन गट २ असे कूटलेखनाचे किमान पर्याय असतात. ते बदलून एईएस-२५६, शा-२ आणि गट १४ किंवा त्यावरचा घ्या, आयकेई (टनेलच्या किल्ल्या ठरवणारा प्रोटोकॉल) दुसऱ्या आवृत्तीचं ठेवा. टनेल दोन मिळतात, दोन्ही चढवा. एक चालतोय म्हणून दुसरा तसाच सोडला, तर ॲमेझॉन देखभालीसाठी पहिला बंद करेल त्या दिवशी ऑर्डरींचं पान बंद पडेल.

आता फंक्शन त्या दोन सबनेटांना जोडा. त्याच्या रोलला (फंक्शनला दिलेल्या परवानग्यांचा संच) नेटवर्क इंटरफेस बनवायची, पाहायची आणि काढायची परवानगी लागते. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (क्लाउडकडच्या फायरवॉलमध्ये) आत येणारा एकही नियम नको. बाहेर जाणारा एकच नियम हवा, १९२.१६८.१.२०/३२ वर ५४३२. कारखान्याच्या फायरवॉलवरही तेवढंच उघडा: त्या दोन सबनेटांकडून त्या एका मशीनवर, त्या एका पोर्टला. व्हीपीएन झोनला 'एनी टू एनी' दिलं, तर उद्या फंक्शनमधली एखादी खराब लायब्ररी तुमच्या टॅलीच्या मशीनपर्यंतही पोचेल.

डेटाबेसच्या एचबीए फाइलमध्ये (कोणाला कुठून आत घ्यायचं ते ठरवणारी) 'होस्टएसएसएल' प्रकारच्या ओळी लिहा: तो डेटाबेस, फंक्शनसाठी वेगळा केलेला वापरकर्ता, ती सबनेटं आणि पासवर्डसाठी स्क्रॅम-शा-२५६. व्हीपीएन असताना वर टीएलएस (एसएसएलचंच आजचं रूप, कनेक्शनचं कूटलेखन) कशाला, असा प्रश्न येईल. व्हीपीएनचं कुलूप कारखान्याच्या फायरवॉलपाशी उघडतं. तिथून डेटाबेसपर्यंत मजकूर लॅनवरून उघडाच जातो. फंक्शनच्या बाजूला एसएसएलमोड 'व्हेरिफाय-फुल' ठेवा आणि तुमच्या सीएचं (सर्टिफिकेटांवर सही करणाऱ्याचं) सर्टिफिकेट पॅकेजमध्ये द्या. 'रिक्वायर' ठेवलं तर मजकूर गुप्त राहतो, पण समोर खरोखर आपलाच सर्व्हर आहे याची खात्री होत नाही.

एवढं करूनही दोन गोष्टी छळतात. डेटाबेस मशीनचा डिफॉल्ट गेटवे ही फायरवॉल नसून जुना राउटर असेल, तर विनंती येते आणि उत्तर भलतीकडे जातं. त्या मशीनवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावला की दिसतं: सिन पॅकेट (जोडणीची विनंती) आलं, सिन-ॲक (तिचं उत्तर) निघालं, पुढे शांतता. १०.६०.०.०/१६ साठी फायरवॉलकडे जाणारा राउट घाला. दुसरी गोष्ट फसवी आहे. लॉगिन होतं, एका ओळीची क्वेरी येते, आणि दोनशे ओळींची मागितली की सगळं गोठतं. आयपीसेकच्या वेष्टणामुळे मोठी पॅकेटं टनेलमध्ये मावत नाहीत आणि वाटेत टाकली जातात. ॲमेझॉनच्या टनेलवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमध्ये मावणारा मजकूर) जास्तीत जास्त १४०६ बाइट चालतो. फायरवॉलवर एमएसएस क्लॅम्पिंग १३६० च्या आसपास ठेवलं की हा त्रास थांबतो.

प्रश्न : पुण्यातून लिहितो आहे. फंक्शन व्हीपीसीला जोडल्यावर डेटाबेस मिळायला लागला, पण सिक्रेट्स मॅनेजरमधून (ॲमेझॉनची पासवर्ड सांभाळणारी सेवा) पासवर्ड आणायची ओळ अडकते आणि ३० सेकंदांनी टाइमआउट येतो. आधी हेच चालत होतं. पब्लिक सबनेटमध्ये टाकून पाहिलं, तरी तेच.

पब्लिक सबनेटमध्ये टाकलं तरी लॅम्डाच्या नेटवर्क इंटरफेसला पब्लिक आयपी मिळत नाही. म्हणून इंटरनेट गेटवे असूनही उपयोग नाही. व्हीपीसीला जोडलं की फंक्शनची सगळी ये-जा व्हीपीसीतूनच होते, आणि सिक्रेट्स मॅनेजर बाहेर राहतो.

वाटा दोन. फक्त ॲमेझॉनच्याच सेवा लागत असतील तर सिक्रेट्स मॅनेजरसाठी इंटरफेस एंडपॉइंट (व्हीपीसीतून त्या सेवेकडे जाणारं खासगी दार) घ्या, प्रायव्हेट डीएनएस चालू ठेवा, आणि एंडपॉइंटच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये फंक्शनच्या ग्रुपकडून ४४३ आत येऊ द्या (हा नियम राहिला की पुन्हा तोच टाइमआउट). एसएमएस किंवा पेमेंटची बाहेरची सेवा लागत असेल तर नॅट गेटवेला पर्याय नाही. इंटरफेस एंडपॉइंटचं भाडं दर झोनमागे, दर तासाला असतं. चार-पाच सेवांचे एंडपॉइंट घ्यायची वेळ आली तर आधी नॅटशी तुलना करा. एसथ्री आणि डायनॅमोडीबी या ॲमेझॉनच्या साठवणुकीच्या सेवांचे गेटवे एंडपॉइंट मात्र फुकट आहेत, ते घेऊनच टाका.

पासवर्ड दर विनंतीला आणू नका. हँडलरच्या (दर विनंतीला चालणाऱ्या कोडच्या) बाहेर ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि डेटाबेसनं लॉगिन नाकारलं तर एकदाच पुन्हा आणून पाहा. पासवर्ड आपोआप बदलणार असेल तर दोन वापरकर्ते आळीपाळीनं वापरा, म्हणजे एकाचा बदलत असताना दुसऱ्याचा चालू राहतो. हे बदलणारं फंक्शनही त्याच व्हीपीसीत हवं, नाहीतर त्यालाच डेटाबेस सापडणार नाही.

पुढच्या वेळी असं अडकलं तर आधी एरर नीट वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे पॅकेट मशीनपर्यंत पोचलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. 'टाइमआउट' म्हणजे वाटेत कोणीतरी गिळलं: सिक्युरिटी ग्रुप, फायरवॉल किंवा राउट. नावच सापडत नसेल तर ते डीएनएसचं (नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेचं) दुखणं. ऑफिसातली आतली नावं क्लाउडला ठाऊक नसतात. त्यासाठी राउट ५३ रिझॉल्व्हरचा (ॲमेझॉनच्या डीएनएस सेवेचा) आउटबाउंड एंडपॉइंट आणि तुमच्या डोमेनचा फॉरवर्डिंग नियम लागतो. ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरवर ५३ पोर्ट यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी उघडा. ऑरॅकल रॅक (अनेक मशीनवर, म्हणजे नोडांवर, चालणारा एकच डेटाबेस) असेल तर आणखी एक मेख आहे. स्कॅन लिसनर (सगळ्या नोडांच्या सामाईक नावावर ऐकणारा) फंक्शनला दुसऱ्याच नोडच्या व्हीआयपीकडे (त्याच्या आयपी पत्त्याकडे) पाठवतो. म्हणून फक्त स्कॅनचं नाव उघडून भागत नाही, सगळ्या नोडांचे व्हीआयपी फायरवॉलवर आणि डीएनएसमध्ये हवेत.

प्रश्न : आमच्या कोल्हापूर भागातल्या दूध संकलन केंद्रांवरून सकाळच्या पाळीची माहिती येते. सहा ते साडेसातच्या दरम्यान 'टू मेनी क्लायंट्स' म्हणून एरर येतात आणि त्याच वेळी ऑफिसातलं सॉफ्टवेअरही बंद पडतं. पोस्टग्रेसची मॅक्स कनेक्शनं १०० वरून १००० करावी का? की आरडीएस प्रॉक्सी (थोडी कनेक्शनं अनेकांत वाटणारा ॲमेझॉनचा मध्यस्थ) घ्यावी?

आरडीएस प्रॉक्सी फक्त ॲमेझॉनच्या स्वतःच्या डेटाबेसांपुढे बसते, तुमच्या सर्व्हर रूममधल्या पोस्टग्रेसपुढे नाही. आणि १००० करणं म्हणजे भाड्याच्या खोलीत लग्नाचं वऱ्हाड उतरवणं. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे एक स्वतंत्र प्रोसेस असते. मेमरी संपली की एरर देण्याइतकाही जीव सर्व्हरमध्ये उरणार नाही.

मुळात होतं काय ते पाहा. लॅम्डाचं एक एन्व्हायर्नमेंट (फंक्शनची चालती प्रत) एका वेळी एकच विनंती हाताळतं. ४०० केंद्रांनी एकदम माहिती पाठवली की ४०० एन्व्हायर्नमेंट उभी राहतात, आणि प्रत्येक जण स्वतःचं कनेक्शन उघडतो. तुमच्याकडे १०० आहेत, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव, म्हणजे ९७. कोणी कोडमध्ये दहा-दहा कनेक्शनांचा पूल (आधीच उघडून ठेवलेला साठा) ठेवला असेल तर मग विचारूच नका. लॅम्डात पूलचा आकार १ पुरे.

आज, अगदी आजच करण्यासारखी गोष्ट म्हणजे फंक्शनच्या डेटाबेस वापरकर्त्याला 'कनेक्शन लिमिट' घालणं. समजा ३०. यानं फंक्शनचे एरर थांबणार नाहीत, पण ऑफिसचं सॉफ्टवेअर तरी वाचेल.

खरा इलाज मध्ये रांग घालणं. संकलनाची नोंद लगेच डेटाबेसमध्ये गेली नाही तरी चालते, ती हरवली नाही म्हणजे झालं. केंद्राकडून आलेली नोंद एसक्यूएस या ॲमेझॉनच्या सेवेच्या रांगेत टाका आणि केंद्राला पोच द्या. रांगेतून उचलणाऱ्या फंक्शनच्या ट्रिगरवर 'मॅक्सिमम कन्करन्सी' (एका वेळी किती प्रती चालाव्यात) २० ठेवा (ही सेटिंग २ पासून चालू होते). आता कितीही केंद्रं आली तरी डेटाबेसला २० च कनेक्शनं दिसतील. बॅच १० ची ठेवा आणि दहा नोंदी एकाच इन्सर्टमध्ये घाला. रांगेचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेली नोंद इतरांना दिसत नाही तेवढा वेळ) फंक्शनच्या टाइमआउटच्या किमान सहापट हवा. फंक्शनचा ३० सेकंद असेल तर रांगेचा १८०. पाच वेळा प्रयत्न करूनही न जाणाऱ्या नोंदी डेड-लेटर रांगेत जाऊ द्या आणि ती रोज सकाळी दहाला कोणीतरी बघेल अशी व्यवस्था करा.

इथे एक धोका आहे. एसक्यूएसची साधी रांग एकच निरोप क्वचित दोनदा देते. दुधात याचा अर्थ एका सभासदाचं सात लिटर चौदा होणं. म्हणून टेबलवर केंद्र, तारीख, पाळी आणि सभासद क्रमांक यांचा मिळून युनिक इंडेक्स करा आणि इन्सर्टला 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' जोडा. सकाळी एकच सभासद दोन कॅन घालत असेल तर पावती क्रमांकही त्यात घ्या, नाहीतर दुसरा कॅन गुपचूप गळेल.

सभासद ॲपवर शिल्लक बघतो तेव्हा मात्र रांग चालत नाही, उत्तर लगेच हवं. तिथे डेटाबेसशेजारी छोट्या लिनक्स मशीनवर पीजीबाउन्सर (पोस्टग्रेसची थोडी कनेक्शनं अनेकांत वाटणारा मध्यस्थ) बसवा. पोर्ट ६४३२, पूल मोड 'ट्रान्झॅक्शन', डिफॉल्ट पूल साइझ २०, मॅक्स क्लायंट कनेक्शन १०००. लिनक्सची उघड्या फाइलींची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १०२४ असते. ती वाढवली नाही तर हजाराच्या आधीच अडेल. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये सेशनवर टिकणाऱ्या गोष्टी टिकत नाहीत: सेट केलेले पॅरामीटर, टेम्पररी टेबलं, ॲडव्हायजरी लॉक, लिसन-नोटिफाय. प्रिपेअर्ड स्टेटमेंट लागत असतील तर आवृत्ती १.२१ किंवा पुढची घ्या. टीएलएस फंक्शन ते पीजीबाउन्सर आणि पीजीबाउन्सर ते पोस्टग्रेस, दोन्हीकडे हवं.

प्रश्न : दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली विनंती हमखास अडकते, दुसरी चटकन होते. शिवाय तिमाही अहवालाचं फंक्शन दर वेळी पहिल्या हाकेला फेल होतं.

दोन वेगळी दुखणी आहेत. विनंती संपली की लॅम्डा ते एन्व्हायर्नमेंट गोठवून ठेवतं. गोठलेलं मशीन कीपअलाइव्ह ('मी अजून आहे' सांगणारी पॅकेटं) पाठवत नाही. तिकडे फायरवॉल बराच वेळ शांत असलेलं कनेक्शन यादीतून काढून टाकते. ॲमेझॉनचा नॅट गेटवे ३५० सेकंदांनी हेच करतो. जेवणानंतर फंक्शन जागं होतं, त्याला वाटतं कनेक्शन जिवंत आहे, त्यावर क्वेरी पाठवतं आणि उत्तराची वाट बघत बसतं. लिनक्सचा मूळ कीपअलाइव्ह ७२०० सेकंदांचा, म्हणजे तोही लवकर सांगायला येत नाही.

कनेक्शन शेवटचं कधी वापरलं ती वेळ ग्लोबल व्हेरिएबलमध्ये लिहा. २४० सेकंदांहून जुनं असेल तर न तपासता टाकून द्या आणि नवं उघडा. 'सिलेक्ट १' पाठवून तपासायला गेलात तर मेलेल्या कनेक्शनवर तीच क्वेरी अडकते. कनेक्ट टाइमआउट ३ ते ५ सेकंद, स्टेटमेंट टाइमआउट १० सेकंद, आणि फंक्शनचा त्याहून थोडा जास्त ठेवा. लॅम्डा १५ मिनिटं देतं म्हणून ती सगळी घेऊ नका: एपीआय गेटवेची (फंक्शनला वेबवरून विनंत्या पोचवणाऱ्या सेवेची) मूळ मर्यादा २९ सेकंद आहे, त्यापुढे ग्राहक निघून गेलेला असतो आणि बिल मात्र तुम्ही भरत असता. सर्व्हरच्या बाजूला टीसीपी कीपअलाइव्ह आयडल १२० करा, म्हणजे सोडून दिलेली कनेक्शनं जागा अडवून बसणार नाहीत.

तिमाहीचं कारण वेगळं. व्हीपीसीला जोडलेलं फंक्शन ३० दिवस वापरलं नाही तर लॅम्डा त्याचा नेटवर्क इंटरफेस काढून घेतं. पुढची पहिली हाक फेल होते आणि मग इंटरफेस पुन्हा तयार होतो. इव्हेंटब्रिजवरून (ॲमेझॉनची ठरल्या वेळी हाक मारणारी सेवा) आठवड्यातून एकदा त्याला हाक मारा आणि त्यात 'सिलेक्ट १' करवा. व्हीपीएनचीही तेवढीच तपासणी होते.

प्रश्न : नागपूर. ॲझ्युअर फंक्शन्स, ऑफिसात एसक्यूएल सर्व्हरचं नेम्ड इन्स्टन्स (मशीनच्या नावापुढे स्वतःचं नाव असलेली वेगळी प्रत). नेटवर्कवाले फायरवॉलवर आत येणारा एकही पोर्ट उघडायला तयार नाहीत.

नेटवर्कवाल्यांचं बरोबर आहे, आणि तुमचंही अडत नाही. हायब्रिड कनेक्शन घ्या. ऑफिसातल्या विंडोज सर्व्हरवर हायब्रिड कनेक्शन मॅनेजर बसतो आणि तोच ४४३ वरून बाहेर ॲझ्युअर रिलेला (दोन्हीकडचा मजकूर पोचवणारी मधली सेवा) जोडून राहतो. दोन मशीनवर बसवा, एक रीस्टार्ट होताना दुसरा चालेल. फंक्शनसाठी कन्झम्प्शन प्लॅन चालत नाही, प्रीमियम किंवा डेडिकेटेड हवा, आणि तोही विंडोजवरचा.

नेम्ड इन्स्टन्स मात्र जसंच्या तसं चालणार नाही. इन्स्टन्सचा पोर्ट विचारायला क्लायंट यूडीपी १४३४ वर जातो आणि हायब्रिड कनेक्शनमधून फक्त टीसीपी जातं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये त्या इन्स्टन्सचा डायनॅमिक पोर्ट रिकामा करा, ठरावीक पोर्ट लिहा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये इन्स्टन्सच्या नावाऐवजी 'सर्व्हर, स्वल्पविराम, पोर्ट' द्या. सर्व्हरचं नाव एंडपॉइंटमध्ये लिहिलं तेच, अक्षरशः तेच, स्ट्रिंगमध्ये हवं.

नव्या ड्रायव्हरांमध्ये एन्क्रिप्शन मुळातच चालू असतं. त्यामुळे सर्टिफिकेटवर विश्वास नसल्याचा एरर येईल. 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' चालू करा असं सगळे सुचवतील. करू नका. ॲझ्युअर आधीपासून मानतं अशा सार्वजनिक सीएचं सर्टिफिकेट सर्व्हरला लावा, नाव जुळेल असं.

प्रश्न : आमची पतसंस्था आहे. ऑडिटर विचारतात, क्लाउडमधून सभासदाची शिल्लक कोणी, कधी पाहिली? काय ठेवावं?

फंक्शनच्या वापरकर्त्याला टेबलांवर हक्क देऊच नका. हवे तेवढेच कॉलम असलेला व्ह्यू करा आणि त्यावर सिलेक्ट द्या. खातं बदलायचं असेल तर स्टोअर्ड प्रोसिजर. कनेक्शन उघडल्यावर ॲप्लिकेशन नेममध्ये फंक्शनचं नाव घाला, आणि प्रत्येक विनंतीचा क्रमांक क्वेरीच्या सुरुवातीला कॉमेंटमध्ये. म्हणजे डेटाबेसचा लॉग आणि लॅम्डाचा लॉग शेजारी ठेवून एक ओळ दुसरीशी जुळवता येते. पीजीबाउन्सर असेल तर डेटाबेसला सगळे त्याच्याच पत्त्यावरून आलेले दिसतात, तेव्हा ती कॉमेंट हाच धागा उरतो. आधार आणि पॅन क्रमांक लॉगमध्ये येऊ देऊ नका. पॅरामीटरच्या किमती छापणारी डीबग ओळ प्रॉडक्शनवर विसरलेली सापडते, ती शोधा.

सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस, भारतातच ठेवायचे आहेत आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. क्लाउडवॉचमध्ये (ॲमेझॉनची लॉग साठवणारी सेवा) मुदत आपण नेमून द्यावी लागते, नाहीतर लॉग कायमचे साठत राहतात आणि बिल वाढतं. फायरवॉलचं उलट असतं: तिची डिस्क छोटी, जुने लॉग आपोआप पुसले जातात. ते रोज बाहेर काढून ठेवा. सर्व्हर रूममधल्या मशीनचं घड्याळही एनटीपीला (घड्याळं जुळवणाऱ्या व्यवस्थेला) जोडा. ते चार मिनिटं मागे असेल तर ऑडिटरसमोर दोन लॉग जुळवताना शिल्लक आधी दिसली आणि लॉगिन नंतर झालं, असं दिसेल.